सक्तीचे मानक आणि प्रताधिकार : भारतीय मानक ब्यूरो अधिनियमातील कलम ११ ची एक चिकित्सा

गोषवारा

तांत्रिक मानक हे एकाच वेळी तज्ज्ञांनी सिद्ध केलेले लेखन असते आणि अनेकदा कायद्याने पाळावयास लावलेला नियमही असतो. लेखन म्हणून त्यास प्रताधिकाराचे संरक्षण मिळते; नियम म्हणून ते सर्वांस ज्ञात असणे अपेक्षित असते. भारतीय मानक ब्यूरो अधिनियम, २०१६ मधील कलम ११ या दोन भूमिकांत भेद करीत नाही. प्रस्तुत लेखात या कलमाचे प्रताधिकार अधिनियम, १९५७ शी असलेले नाते तपासले असून, अमेरिका व युरोप येथील न्यायनिर्णयांच्या प्रकाशात त्यातील उणीव दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : भारतीय मानके, प्रताधिकार, परवाना, गुणवत्ता नियंत्रण आदेश, रास्त वापर

प्रस्तावना

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास आयएस ४५६ हे काँक्रीटविषयीचे मानक अभ्यासक्रमाच्या पहिल्या टप्प्यापासून सोबत बाळगावे लागते. पिण्याच्या पाण्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा आयएस १०५०० वर अवलंबून असते. महाराष्ट्रात २०२० मध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली इमारतीच्या सुरक्षिततेसंबंधीच्या अनेक बाबींसाठी राष्ट्रीय इमारत संहितेकडे बोट दाखविते आणि ही संहिता म्हणजे ब्यूरोचेच प्रकाशन होय. अशा रीतीने मानकांचा वापर महाविद्यालय, प्रयोगशाळा, नगरपालिका आणि बांधकामाची जागा अशा सर्व ठिकाणी होतो. परंतु ज्या दस्तऐवजावर एवढे अवलंबून आहे त्याची प्रत कोणी, किती आणि कोणत्या अटींवर करावी याविषयी या सर्व ठिकाणी कमालीची उदासीनता आढळते. एकाने विकत घेतलेली प्रत झेरॉक्स होऊन वर्गभर फिरते. एका संगणकासाठी घेतलेली फाइल संपूर्ण कार्यालयात वापरली जाते.

या उदासीनतेचा दोष केवळ वापरणाऱ्यांवर टाकून चालणार नाही. प्रताधिकाराचा आदर राखावयाचा तर त्याची सीमा स्पष्ट असावी लागते, आणि भारतीय मानकांच्या बाबतीत ही सीमाच अस्पष्ट आहे.

मानकातील संरक्षित आणि असंरक्षित भाग

मानकाच्या संदर्भात चार गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे : मानकाचा मजकूर, त्यातील तांत्रिक आशय, मानकचिन्ह वापरण्याचा परवाना आणि त्या मानकास बंधनकारक करणारा शासकीय आदेश.

प्रताधिकार मजकुरास मिळतो, कल्पनेस किंवा तथ्यास नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व नाटक व चित्रपट यांच्या संदर्भात स्पष्ट केले. तांत्रिक लेखनासही ते तितकेच लागू पडते. एम २० काँक्रीट म्हणजे १५० मिलिमीटर बाजूच्या घनाची २८ दिवसांनंतरची वैशिष्ट्यपूर्ण दाबक्षमता प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटन असणारे काँक्रीट, हे विधान कोणत्याही अध्यापकास स्वतःच्या शब्दांत करता येते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असून, अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास ती २,००० पर्यंत मान्य होते, ही माहितीही तशीच. मात्र मानकातील तक्ते, टिपा आणि परिशिष्टे जशीच्या तशी उतरवून काढली, की मजकुराच्या पुनरुत्पादनाचा प्रश्न उभा राहतो.

मानकचिन्हाचा परवाना ही याहून निराळी बाब आहे. एखाद्या उत्पादकास आयएसआय चिन्ह वापरण्याचा परवाना मिळाला म्हणून मानकाच्या प्रती वाटण्याचा अधिकार त्यास मिळत नाही. तसेच मानक विकत घेतल्याने चिन्ह वापरण्याचा अधिकार मिळत नाही. व्यवहारात ‘परवाना’ हा एकच शब्द दोहोंसाठी वापरला जात असल्याने बराच गोंधळ होतो. मूळ वाद मात्र चौथ्या घटकाशी, म्हणजे बंधनकारक करणाऱ्या आदेशाशी, निगडित आहे.

कलम ११ चा आवाका

२०१६ च्या अधिनियमानुसार मानकांचा प्रताधिकार ब्यूरोकडे आहे. त्यापुढे जाऊन कलम ११ असे सांगते की, ब्यूरोच्या अनुज्ञेवाचून कोणतेही भारतीय मानक किंवा त्याचा भाग कोणत्याही स्वरूपात प्रकाशित, पुनरुत्पादित वा नोंदित करता येणार नाही. स्वतःच्या वापरासाठी प्रत करण्याची मुभा तेवढी ठेवलेली आहे.

येथे पहिली अडचण उद्भवते. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये खासगी अभ्यास व संशोधन, टीका व समीक्षण, तसेच अध्यापनाच्या ओघात केलेले पुनरुत्पादन यांस अपवाद दिलेले आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातील झेरॉक्स दुकानासंबंधीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनविषयक अपवादाचा उदार अर्थ लावला. परंतु कलम ५२ ची भाषा अशी आहे की, नमूद केलेल्या कृती ‘प्रताधिकाराचा भंग’ ठरत नाहीत. कलम ११ मधील मनाई प्रताधिकारावर आधारलेली नसून ती स्वतंत्र वैधानिक मनाई आहे, असा अर्थ कोणी लावला तर कलम ५२ चे संरक्षण तेथे अपुरे पडते. मग मानकातील एखाद्या तक्त्यावर टीका करण्यासाठी तो तक्ता उद्धृत करणारा संशोधक आणि वर्गात तो वाटणारा अध्यापक दोघेही अनिश्चिततेत सापडतात. विधिमंडळाचा हेतू असा असेल असे मानणे कठीण आहे. पण कलमाची भाषा तो अर्थ रोखत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मानके मूलतः ऐच्छिक असतात. तथापि त्याच अधिनियमाच्या कलम १६ अन्वये केंद्र शासन लोकहित, आरोग्य, पर्यावरणाची सुरक्षितता, अनुचित व्यापारास प्रतिबंध आणि राष्ट्रीय सुरक्षा या कारणांसाठी मानकाचे पालन सक्तीचे करू शकते. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ अशा आदेशाने १ जून २०२१ पासून, तर खेळण्यांसाठीची मानके १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक झाली. हा आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ५२ (१) (क्यू) नुसार, विधिमंडळाचा अधिनियम वगळता, राजपत्रातील मजकूर कोणासही पुनर्मुद्रित करता येतो. अधिनियमही भाष्यासह छापता येतो. मात्र राजपत्रात छापला जातो तो केवळ मानकाचा क्रमांक व शीर्षक. ज्या मजकुराचे पालन करावयाचे तो राजपत्राबाहेर राहतो आणि म्हणून त्या अपवादाच्याही बाहेर राहतो. आदेश सर्वांचा आणि आदेशातील आज्ञा मात्र परवान्याखाली, अशी ही विसंगत स्थिती आहे.

परदेशातील न्यायनिर्णय

हा पेच केवळ भारताचा नाही. अमेरिकेत न्यायालयीन निर्णयांवर प्रताधिकार असू शकत नाही हे तत्त्व एकोणिसाव्या शतकातच, बँक्स विरुद्ध मँचेस्टर (१८८८) या निर्णयात, दृढ झाले होते. खासगी संस्थेने रचलेली आणि मग कायदा बनलेली संहिता हा त्यापुढचा प्रश्न होता. टेक्सासमधील ॲना व सॅव्हॉय या दोन लहान गावांनी एका संस्थेची आदर्श इमारत संहिता स्वीकारली होती. पीटर वीक या गृहस्थाने ती संहिता ७२ डॉलरना विकत घेऊन, सोबतच्या परवान्यात मनाई असतानाही, त्या गावांचा कायदा म्हणून इंटरनेटवर ठेवली. २००२ मध्ये पाचव्या मंडळाच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने वीकच्या बाजूने निर्णय दिला. तथापि संपूर्ण संहिता कायदा म्हणून स्वीकारणे आणि कायद्याने एखाद्या मानकाचा केवळ निर्देश करणे यांत न्यायालयाने भेद केला.

हा उरलेला प्रश्न एएसटीएम व अन्य दोन संस्थांनी २०१३ मध्ये पब्लिक रिसोर्स या ना-नफा संस्थेविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात पुढे आला. कायद्यात निर्देशिलेली मानके विनानफा प्रसिद्ध करणे हा रास्त वापर होय, असा निर्णय कोलंबिया परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ५ मार्च २०२४ रोजी, मुख्यतः खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयीच्या चार मानकांबाबत, ती खुली करण्यात वरचढ सार्वजनिक हित असल्याचे ठरविले. सुसंवादी मानके ही संघाच्या कायद्याचा भाग आहेत, ही त्यामागील भूमिका होती.

या निर्णयांचा अर्थ ‘मानकांवरील प्रताधिकार संपला’ असा लावण्याची घाई काही अभ्यासक करतात. ती योग्य नाही. २०२३ चा निर्णय रास्त वापराच्या आधारे दिलेला आहे, तर युरोपीय न्यायालयाने प्रताधिकाराच्या अस्तित्वाचा प्रश्न न सोडवता माहितीच्या अधिकाराच्या अंगाने निर्णय दिला. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच दिसते : मानक कायद्याशी किती निगडित झाले आहे. जेवढी सक्ती अधिक, तेवढी खुलेपणाची अपेक्षा अधिक.

विनामूल्य आणि मुक्त यांतील अंतर

भारतात पब्लिक रिसोर्सचे संस्थापक कार्ल मलमूद यांनी हजारो भारतीय मानके इंटरनेटवर ठेवल्यानंतर ब्यूरोशी त्यांचा वाद झाला आणि २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्यानंतरच्या काळात ब्यूरोने स्वतः तयार केलेली मानके नोंदणी केलेल्या वापरकर्त्यांस संकेतस्थळावरून विनामूल्य उपलब्ध करून दिली. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. राष्ट्रीय इमारत संहितेसारख्या ग्रंथासाठी पूर्वी हजारो रुपये मोजावे लागत. ती अडचण दूर झाली.

परंतु किंमत गेली तरी मनाई राहिली. विनामूल्य मिळालेली प्रत पुढे छापता येत नाही, तिचे मराठीत भाषांतर करून गवंड्यांच्या प्रशिक्षणवर्गात वाटता येत नाही, दृष्टिबाधितांसाठी वा शोधसुलभ अशी तिची नवी मांडणी करून ती लोकांसमोर ठेवण्याबाबतही संदिग्धता उरते. त्यातून भाषांतराचा प्रश्न महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मानक मुख्यतः इंग्रजीत वाचले जाते; त्याचे पालन मात्र ज्या हातांनी व्हावयाचे ते हात बहुतांशी मराठी, हिंदी वा अन्य भाषा बोलणाऱ्यांचे असतात.

शिवाय आयएसओ व आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थांकडून स्वीकारलेली मानके विनामूल्य योजनेच्या बाहेर आहेत, कारण मूळ प्रताधिकार त्या संस्थांकडे आहे. खेळण्यांसाठीची आयएस ९८७३ ही मालिका आयएसओ ८१२४ वर आधारलेली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. बाहेरच्या संस्थेचा मजकूर देशातील लहान उत्पादकावर सक्तीचा करताना त्याच्या वाचनाची तजवीज कोणी करावयाची, याचे उत्तर अधिनियमात मिळत नाही.

आक्षेपांचा विचार

मानकनिर्मिती खर्चिक असते आणि विक्री थांबल्यास ती बंद पडेल, हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. अमेरिकेतील अनेक खासगी संस्था खरोखरच विक्रीवर अवलंबून आहेत. परंतु ब्यूरो ही संसदेच्या अधिनियमाने स्थापन झालेली संस्था असून तिच्या उत्पन्नाचा मुख्य भाग प्रमाणनाच्या शुल्कातून येतो. मजकुराची शुद्धता राखण्यासाठी नियंत्रण हवे, हा दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. जुनी आवृत्ती अथवा दुरुस्तीविना छापलेला तक्ता जीवघेणा ठरू शकतो. मात्र त्यावर उपाय म्हणजे अधिकृत प्रत सहज उपलब्ध असणे व चुकीच्या प्रतीस अधिकृत म्हणण्यास मनाई असणे. भारतीय मानक असल्याचा आभास निर्माण करणाऱ्या दस्तऐवजांस अधिनियमात आधीच बंदी आहे. सरसकट पुनरुत्पादन रोखण्याची त्यासाठी गरज नाही.

समारोप

कायदा आज जसा आहे तसा पाळणे हे शैक्षणिक संस्थांचे कर्तव्य आहे. ग्रंथालयांनी प्रत्येक मानकाच्या परवान्याची अट नोंदवून ठेवावी, अध्यापकांनी आशय स्वतःच्या शब्दांत मांडून मानकाचा क्रमांक, भाग व वर्ष द्यावे, पुस्तकात तक्ते घेताना लेखी अनुज्ञा घ्यावी आणि विद्यार्थ्यांस ब्यूरोच्या संकेतस्थळावरून स्वतःची प्रत घेण्यास सांगावे. एवढ्याने बहुतांश बेकायदा झेरॉक्स आपोआप थांबेल.

परंतु कायद्याचे पालन करणाऱ्यास कायद्याकडूनही काही अपेक्षा ठेवता येते. कलम ११ मध्ये प्रताधिकार अधिनियमातील अपवाद लागू राहतील असे स्पष्टीकरण जोडणे, सक्तीच्या मानकाचा संपूर्ण मजकूर राजपत्रित आदेशाचा भाग मानणे आणि बाहेरच्या संस्थेचे मानक सक्तीचे करण्यापूर्वी त्याच्या खुल्या वाचनाचा परवाना शासनाने स्वतःच्या खर्चाने घेणे, या तीन दुरुस्त्या अगत्याच्या आहेत. ऐच्छिक मानकांवरील प्रताधिकारास त्यांनी धक्का लागत नाही. जे मानक नाकारण्याचे स्वातंत्र्य नागरिकास आहे, त्याच्या अटी ठरविण्याचे स्वातंत्र्य निर्मात्यासही असावे. जेथे पहिले स्वातंत्र्य शासनाने काढून घेतले, तेथे दुसरे पूर्वीसारखे ठेवणे न्याय्य नाही.