पाळी नसलेली सेवा

मराठी रंगभूमीवर वृद्ध मातापित्यांचा खटला पुष्कळदा चालला आणि निकाल बहुधा एकतर्फी लागला. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून त्या प्रयोगाहून डोळे पुसत परतणाऱ्या कितीतरी मुलांनी व सुनांनी स्वतःला मनोमन आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले असेल. अप्पासाहेब बेलवलकरांची वाणी इतकी भव्य आहे की प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकावयाचे राहून गेले, याची कोणाला आठवणही होत नाही. शोकांतिकेला दिवाणी कार्यपद्धती लागू नाही हे आम्ही जाणतो, आणि नाटककाराला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एका थोर नाटकाने पाडलेली भावनेची वाट पुढे प्रत्येक प्रसंगी तीच धरली जाऊ लागली, की काही घरांवर फार मोठा अन्याय होतो.

असे एक घर कल्पावे. वडील घरातच आहेत, वेळेवर जेवतात, अंगावर धुतलेले कपडे आहेत. मात्र हे घर कोणाचे हे त्यांना कळत नाही. रात्री तीनदा उठून ते वीस वर्षांमागे सुटलेल्या कचेरीत जावयास निघतात. स्वतःच तांदळाच्या डब्यात लपविलेली अंगठी सुनेने चोरली असे शेजाऱ्यांना सांगतात, आणि शेजारी ते निदान अर्धेमुर्धे खरे मानतात. या खटल्यात वादी कोण आणि प्रतिवादी कोण? स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या माणसाची कथा सांगू पाहणाऱ्या कलावंताला हा प्रश्न टाळता येत नाही.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटाने तो टाळला नाही, म्हणून त्याची सविस्तर चर्चा करणे आम्हास अगत्याचे वाटते. चित्रपटगृहांत तो २०१६ साली आला आणि गाजावाजा न होता गेला. आमच्या अनेक वाचकांच्या पाहण्यातून तो निसटला असणे संभवते. संस्कृतचे गाढे पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री यांची स्मृती विरत चालली आहे. थोरली मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून थोड्या वेळासाठी दूर होते, तेवढ्यात रस्त्याने जाणारा हत्ती त्यांना दिसतो, आणि हा वयोवृद्ध विद्वान लहान मुलासारखा त्याच्यामागे चालू लागतो. इकडे इरा गावभर शोध घेते. तिकडे माहुताची बायको चन्नम्मा, स्वतःच्या संसाराची ओढाताण असताना, या अनोळखी म्हाताऱ्याला जवळ घेते. तो तिला आई समजतो.

शास्त्रींची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांची आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, पण त्यांच्या अभिनयात रोगलक्षणांचे प्रदर्शन कोठेही नाही. विद्वत्ता ओसरून गेल्यावर मागे उरलेले कुतूहल त्यांनी डोळ्यांत धरून ठेवले आहे. चन्नम्मेच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादलेखनासाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही पुरस्कार यथायोग्य होते. कानडी मुलखातल्या त्या बाईच्या तोंडी शहाणपणाची भाषणे नाहीत. ती जेवू घालते, पुसते, दटावते, निजविते. सीमाभागातील आमच्या वाचकांना ही बाई ओळखीची वाटेल.

आणि येथेच आमचा आक्षेप सुरू होतो. चन्नम्मेचे वात्सल्य एका दिवसाचे आहे. इरेची शुश्रूषा वर्षांची आहे. एक दिवस कोणाही वृद्धाचे बालपण गोड वाटते. पाचशेव्या दिवशी तोच प्रश्न त्याने विसाव्यांदा विचारला म्हणजे अंगी काय उरते, ते पाहण्याची संधी चन्नम्मेला कथेने दिलेलीच नाही. प्रेक्षक बाहेर पडतो तो चन्नम्मेला हृदयाशी धरून, आणि इरेकडे पाहताना त्याच्या मनात कळत नकळत एक तुलना उभी राहते, की परकीने जे केले ते पोटच्या मुलीला जमू नये काय? दिग्दर्शकांना ही तुलना अभिप्रेत नसावी. इरेची चिडचिड, तिचा अपराधभाव, बहीण राही व नवरा माधव यांच्याशी होणारे खटके हे सारे त्यांनी ममत्वाने दाखविले आहे; भारतीय चित्रपटात सांभाळणाऱ्या माणसाकडे इतके लक्ष क्वचितच दिले गेले आहे. तरी कथेची रचना आपले काम करून जाते. इरेला मिळालेली मदत योगायोगाची आहे, जवळजवळ चमत्काराची. ज्या घरासमोरून हत्ती जात नाही त्या घराने काय करावे?

अविनाश अरुण यांचा 'थ्री ऑफ अस' हा हिंदी चित्रपट २०२३ साली आला. तो वेंगुर्ल्यात घडतो, म्हणजे गोव्याच्या वेशीवरच. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली शैलजा, सारे विसरण्यापूर्वी, बालपणीचे गाव आणि बालपणीचा मित्र पाहण्यास नवऱ्यासह येते. शेफाली शाह यांचा अभिनय संयत आहे आणि कोकणातली घरे व वाटा यांचे चित्रण मन निववणारे आहे. मात्र ज्या दिवसापासून नवऱ्याची, दीपांकरची, कसोटी सुरू होईल त्याच्या पुष्कळ आधी हा चित्रपट संपतो. विस्मरणाचा काव्यमय भाग शैलजेला मिळाला. उरलेला भाग पडद्यामागे राहिला.

कलावंतांनाच दोष का द्यावा? समाजाची समजूत याहून वेगळी कोठे आहे? 'स्मृतिभ्रंश' हा शब्द आपण वैद्यकासाठी उचलला तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील परंपरेचा. तेथे तो विषयचिंतनापासून क्रोधामार्गे सर्वनाशापर्यंत उतरत जाणाऱ्या शिडीची एक पायरी आहे, म्हणजे नैतिक पतनाची खूण. मेंदूच्या पेशी झिजून होणाऱ्या व्याधीशी त्याचा काही संबंध नाही, पण शब्दाबरोबर त्याची सावली येतेच. घरगुती बोलीत तर 'म्हातारचळ' म्हटले की विषय संपला. विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेली पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत लोकांना ही अवस्था चांगली ओळखता येत होती, पण ती व्याधी आहे असे कोणी मानीत नव्हते. काहींच्या मते ते वयाचे देणे होते. काहींच्या मते मुलांनी माया केली नाही म्हणून आईबाप असे झाले होते! शुश्रूषा बहुधा घरातच होई, आणि पुष्कळदा ती वारशाच्या अपेक्षेला बांधलेली असे. वकिलीच्या धंद्यात आयुष्य काढणाऱ्यांना या शेवटच्या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही. पण आधीचा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. रात्ररात्र जागणाऱ्या मुलीलाच रोगाचे कारण ठरविणारा समाज तिला मदत कशी करील?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे नाते देवस्थानांशी आहे, म्हणून 'सेवा' या शब्दाविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. पुंडलिकाची कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. मातापित्यांची सेवा चालली होती म्हणून त्याने प्रत्यक्ष देवाला विटेवर तिष्ठत ठेविले. कथा सुंदर आहे. परंतु तीत पुंडलिकाची पाळी घ्यावयाला कोणी आल्याचा उल्लेख नाही. दारी आलेल्या देवालाही कोणी पंखा हाती घे असे म्हटले नाही. याच्या उलट देवळातील व्यवस्था पाहा. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंतची सारी सेवा एकाच माणसाने बारा महिने करावी असे कोणत्याही देवस्थानात ठरलेले नाही. पुजाऱ्यांच्या पाळ्या आहेत. नैवेद्य एकाचा, दिवाबत्ती दुसऱ्याची, वाजंत्री तिसऱ्याची. पालखीचे भोईसुद्धा खांदा बदलतात. पाषाणाच्या देवाला, जो रात्री उठून दाराची कडी काढीत नाही, त्याच्या सेवेला आपण इतकी माणसे नेमली. आणि घरातल्या जागत्या, भटकत्या, संतापणाऱ्या वृद्धाची सेवा एका सुनेवर सोपवून तिला पुण्यवान म्हटले. स्तुती फुकट असते, आणि तिचा बोजाही त्याच बाईने वाहावयाचा असतो.

कायद्याची स्थिती काय? २००७ चा मातापिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा मुलाकडे केवळ ऋणको म्हणून पाहतो. दरमहा दहा हजार रुपयांच्या मर्यादेपर्यंत निर्वाहखर्च द्यावा. वृद्धाला टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जो टाकीत नाही, सांभाळतो, त्याच्या वाट्याला या कायद्यातून काय येते ते आम्हास शोधूनही सापडले नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा अधिक उदार आहे. विचार, मनःस्थिती, दिशाकालाचे भान किंवा स्मृती यांतील गंभीर विकृती त्याच्या व्याख्येत येते, आणि कलम १८ अन्वये सरकारने ज्या सेवा पुरवावयाच्या त्यांत रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम चांगले आहे. ते मागावयास जाणारे कुटुंब मात्र आम्ही अद्याप पाहिले नाही, कारण असे काही मागता येते हेच कोणाला ठाऊक नसते.

पैशाच्या व्यवहारात तर कायद्याने अशी एक पोकळी ठेविली आहे, की ती पाहून आश्चर्य वाटावे. पक्षकार आमच्याकडे येतात ते कुलमुखत्यारपत्र करावयाला, आणि बहुधा उशिरा येतात. वडिलांना सही आठवत नसते. सही आधी झालेली असली तरी उपयोग थोडा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल झाले की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. १९८७ च्या जुन्या कायद्यात अशा माणसाच्या मिळकतीसाठी न्यायालयामार्फत व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने जुना कायदा रद्द केला आणि त्या तरतुदीच्या जागी काही ठेविले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकाची कल्पना मुख्यतः परस्परविचाराने निर्णय घेण्याची आहे. ज्याला मुलगी ओळखू येत नाही त्याच्याशी विचार कसा करावा? शेवटी माणसे अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात आणि न्यायालये दयाबुद्धीने पालक नेमतात. वडिलांच्या निवृत्तिवेतनातून औषध आणावयाला रिट अर्ज! तेव्हा निदान झाल्याबरोबर, समज शाबूत असताना, मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाते व नामनिर्देशन, आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे उपचारांविषयीचे पूर्वनिर्देश व नामनिर्दिष्ट प्रतिनिधी एवढे उरकून घ्यावे. अशा घरांची संख्या अल्प नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार देशातील साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे त्या वयोगटातील शेकडा ७.४ जणांना, ही व्याधी आहे.

मदत म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मिळाले आहे आणि तेही गोव्यातच. डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांत केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडे शिक्षण दिलेली साधी माणसे निम्म्या घरी सहा महिने जात राहिली. त्यांनी व्याधीची माहिती दिली, भ्रम व संताप कसा हाताळावा ते समजाविले, सांभाळणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले; गरज पडली तेथे मनोविकारतज्ज्ञ आले. वृद्धांच्या वागण्यात म्हणावा असा फरक सिद्ध झाला नाही. परंतु सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण निश्चितपणे कमी झाला. 'अस्तु'तील इरेला हत्ती नको होता, चन्नम्माही कदाचित नको होती. पंधरवड्यातून एकदा दार वाजविणारे असे माणूस हवे होते. अशा माणसाची कथा अजून कोणी लिहिली नाही. नाट्य कमी पडते म्हणून असेल.

सध्या हाताशी असलेली साधने येथेच नमूद करतो. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक सरकारने दिले आहेत. दुसरा सांभाळणाऱ्यालाही स्वतःसाठी वापरता येतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

उरले देवस्थान. उत्सवाचे दिवस वगळता सभागृह दुपारी रिकामे असते, अंगणाला कुंपण व फाटक असते, प्रसादाची भांडी असतात आणि निवृत्त माणसांची वाण नसते. ज्यांना जुनी भजने शब्दशः आठवतात पण सकाळचे जेवण आठवत नाही, असे वृद्ध आठवड्यातून तीन तास तेथे बसू शकतील, आणि त्यांच्या घरची माणसे तेवढ्या वेळात झोपू शकतील. महाजनांच्या पुढच्या सभेत असा ठराव कोणी आणणार असेल, तर मसुद्याविषयी एकच सूचना आहे. त्यात 'सेवा' हा शब्द घालू नये. 'गुरुवारी दुपारी तीन ते सहा' असे लिहावे, आणि खाली पाळीची नावे लिहावीत.