कुलपातले विंदा

मंगरूळपीरच्या आमच्या वाचनालयात कादंबऱ्या उघड्यावर आणि 'वैचारिक' कुलपात. चोरीच्या भीतीने नव्हे. ते कपाट उघडा असे कुणी म्हणतच नाही! परवा ग्रंथपालांनीच गळ घातली, "न्या ना भाऊ, अकादमीवालं पुस्तक हाये." सुधीर रसाळांचे 'विंदांचे गद्यरूप', २०२४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले.

समीक्षा म्हटली की मला हमखास झोप लागते, म्हणून उशाशीच घेतले. झोप राहिली बाजूला! ज्ञानपीठवाले विंदा म्हणजे कविता, एवढेच आपले ज्ञान. त्यांनी लघुनिबंध लिहिले, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, याची आपल्याला कुठे आठवण असते? रसाळ त्या गद्याकडे वळवतात. पुस्तक सावकाश वाचावे लागते, दोन पाने मागेही जावे लागते, हे कबूल. पण समीक्षेची माझी परीक्षा एकच: पुस्तक मिटल्यावर मूळ पुस्तक मागावेसे वाटते का?

दुसऱ्याच दिवशी मी १९५८ ची 'स्पर्शाची पालवी' मागायला गेलो. ग्रंथपाल म्हणाले, "ते बी त्याच कपाटात हाये. आता किल्ली तुमच्यापाशीच ठेवा, भाऊ!"