सांगाती आणि वैद्य

डॉ. अरविंद बावडेकर यांच्या ‘कॅन्सर माझा सांगाती’ या पुस्तकाच्या नावापाशी मी दरवेळी थबकतो. ‘सांगाती’ हा शब्द आपल्या कानात तुकारामांनी घातलेला, आणि तो विठ्ठलासाठी. त्या जागी कॅन्सर बसवण्यात धाडस आहे, नेमकेपणाही आहे. सांगाती सोबत चालतो. बरं करण्याचं वचन देत नाही.

एरवी आजाराच्या गोष्टी सांगताना आपण देवाला वैद्य करून टाकतो. नामस्मरणानं भीती कमी झाली, हे अनुभवाचं वाक्य. नामस्मरणानं गाठ विरघळली, हा दावा. सांगणारा पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी घसरला, ते कळतही नाही. त्याची किंमत ज्याची गाठ विरघळत नाही तो मोजतो. श्रद्धा कमी पडली, हा ठपकाही त्याच्याच माथी.

मिरजगावात हे मी घरातच पाहिलं. आईला स्तनाचा कॅन्सर झाला. भेटायला येणाऱ्या बायका प्रारब्धावर बोलायच्या आणि आई रात्रभर हिशेब मांडायची, आपण कुणाचं काय वाईट केलं. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणारी निवृत्तीनाथांची पालखी आमच्या गावावरून जाते. त्या वर्षी केमो चालू असताना आई रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसली. रथ समोर येताच हात जोडून मोठ्यानं म्हणाली, “पांडुरंगा, एवढ्यांना चालवतोस, अन् सुई टोचायला माझी एक शीर घावू देत नाहीस?” बायका चपापल्या. त्या रात्री तिनं हिशेब मांडला नाही.

जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. दुष्काळात बायको गमावलेले तुकाराम त्याला जाब विचारतात. या परंपरेतली शरणागती तेवढी आपण आजारपणात उचलतो, भांडण मागे ठेवतो. म्हणून त्या गोष्टी गोड होतात आणि आजाऱ्याला परक्या वाटतात. धर्माचं तिसरं रूप तर त्यांत क्वचितच येतं. नवसांवर कीर्तनातून कोरडे ओढणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. तिथं धर्म म्हणजे पाठ टेकायला जागा.

पुढच्या वर्षीही आई पालखीपुढे भांडली. त्याच्या पुढच्या वर्षी ती नव्हती. तिची गोष्ट लिहायची तर केमोचे कागद, भजन आणि ते भांडण, तिन्ही हवं. देवानं तिला बरं केलं नाही, हेही त्यात हवं. आणि ती शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत होती, हेही.