अंड्याऐवजी केळे?

शाळेच्या भिंतीवरील समतोल आहाराच्या तक्त्यात अंडे आणि केळे शेजारी शेजारी काढलेले असतात. चित्रात ते शोभते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे आणि न खाणाऱ्या मुलाला केळे किंवा स्थानिक फळ द्यायचे ठरवले, तेव्हा हा शेजार चित्रातून हिशेबात उतरला. निर्णयावर जो वाद झाला तो बहुतेक श्रद्धेचा झाला. आम्हांला त्यातील आहारशास्त्राबद्दल बोलायचे आहे.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम १ ग्रॅम. शिवाय शरीराला स्वतः तयार करता न येणारी सर्व अमिनो आम्ले अंड्याच्या प्रथिनांत योग्य प्रमाणात असतात. बलकात अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे आहेत. केळ्यात ब-१२ अजिबात नाही. केळ्यात पिष्टमय पदार्थ, तंतू आणि पोटॅशियम आहे, म्हणून फळ म्हणून ते उत्तमच. पण अंड्याची जागा ते भरून काढू शकत नाही. प्राथमिक वर्गांच्या जेवणात रोज १२ ग्रॅम प्रथिने असावीत असा निकष आहे. म्हणजे अंडे त्यातील निम्मा वाटा उचलते. अंडे न खाणाऱ्याला पेलाभर दूध दिले असते तर प्रथिने आणि ब-१२ या दोन्ही बाबतींत तुलना जमली असती. पण एका अंड्याला ५ रुपये धरले होते आणि तेवढ्यात पेलाभर दूध बसत नाही, केळे बसते. पोषणाऐवजी किमतीचा मेळ घातला गेला अशी शंका त्यामुळे येते. (त्या हिवाळ्यात किरकोळ बाजारात अंडेही पाचाच्या वर गेले होते, ते वेगळेच.)

अंड्याची बाजू घेणारेही फार काटेकोर नव्हते. 'अंडे म्हणजे पूर्णान्न' हे वाक्य आपणही फळ्यावर लिहीत आलो आहोत. अंड्यात क जीवनसत्त्व नाही, तंतू नाहीत, आणि कॅल्शियमचा मोठा साठा कवचात असतो, जे आपण फेकून देतो. कच्चे अंडे जास्त पौष्टिक ही तालमीतली समजूतही चुकीची आहे. १९९८ साली बेल्जियममध्ये मोजले गेले तेव्हा शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने सुमारे ९१ टक्के पचली, कच्च्यातील फक्त ५१ टक्के. ठाणे-डोंबिवलीच्या बाजारात तपकिरी अंडे 'गावठी' म्हणून चढ्या भावाने घेतले जाते; कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तेवढ्यावरून पोषण कळत नाही.

आणि हे अंडे येते कुठून? पुण्याच्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि तिच्या जाहिरातींनी अंडे घरोघरी पोचवले. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४,२७७ कोटी अंडी निघाली, माणशी १०३. जाहिरातीत पिंजरा मात्र कधी दिसत नाही. मोठ्या शेडमध्ये एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. टंकलेखनाचा ए-४ कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. मुलांना कागद देऊन मोजायला सांगावे. असे पिंजरे युरोपीय संघात २०१२ पासून बंद आहेत. दाटीचा धोका आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे: फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातील सुमारे पंचवीस हजार पक्षी मारण्याचा निर्णय घ्यावा लागला. अंड्याचा आग्रह धरताना हेही शिकवले पाहिजे.

तरीही आमचा आग्रह अंड्याचाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांचा निधी थांबवला आणि शाळांनी ती लोकसहभागातून द्यावीत असे सुचवले. नौपाड्यात किंवा डोंबिवली पूर्वेला दाता सापडेलही. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरील शिक्षकाने हात कोणापुढे पसरायचा? २०१६ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील सहा वर्षांखालील मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी द्यायचे ठरले होते. हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहा. अंगणवाडीत अंडे ज्याचा हक्क होते, ते मूल पहिलीत आले की त्याचे अंडे गुरुजींनी जमवलेल्या वर्गणीवर अवलंबून राहते.