गेम ऑफ थ्रोन्स (संगणकीय खेळ)

गेम ऑफ थ्रोन्स : एचबीओ या अमेरिकन वाहिनीवरील त्याच नावाच्या अद्‌भुतरम्य मालिकेवर आधारित साहसप्रधान संगणकीय खेळ. कॅलिफोर्नियातील टेलटेल गेम्स या संस्थेने तो डिसेंबर २०१४ ते नोव्हेंबर २०१५ या काळात सहा भागांत प्रसिद्ध केला. उत्तरेकडील फॉरेस्टर या दुय्यम सरदार घराण्याचा ऱ्हास हा त्याचा विषय. घराण्यातील चार भावंडे व एक सेवक यांच्या भूमिका खेळाडूकडे आळीपाळीने येतात.

मालिकेतील दहशतीचे वातावरण व पीटर डिंक्लिज, लीना हेडी आदी मूळ नटांचे आवाज यांची समीक्षकांनी प्रशंसा केली. तैलचित्रासारखी दृश्ये मात्र अनेकांना धूसर वाटली. खरा वाद खेळाडूच्या निर्णयांविषयी झाला. पहिल्या भागाच्या अखेरीस तरुण ईथन, खेळाडूने काहीही ठरविले तरी, मारला जातो. हा आघात मूळ कथेच्या प्रकृतीशी सुसंगत असल्याने प्रभावी ठरला. परंतु अखेरच्या भागातही, रॉड्रिक किंवा अ‍ॅशर यांपैकी कोणीही मागे उरला तरी, गढीचा पाडाव अटळच राहतो. हा नियतिवाद मूळ कथेतलाच, असे समर्थन केले जाते. ते अपुरे आहे. मालिकेचा प्रेक्षक केवळ साक्षी असतो. येथे मात्र प्रत्येक उत्तराची नोंद घेतली जात असल्याचे खेळाडूला पडद्यावर वारंवार बजावले जाते. शोकांतिकेत मनुष्याची कृतीच त्याच्या नाशाला हातभार लावते. येथे ती बहुधा निष्फळ ठरते.

कथेतील अनेक धागे पुढील पर्वासाठी मोकळे ठेवले होते. ते पर्व घोषित झाले, पण निघाले नाही. २०१८ मध्ये संस्थाच बंद पडली.