तोंडओळख आणि ओळख

मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांचे ‘द मॅन हू मिस्टुक हिज वाइफ फॉर अ हॅट’ हे पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील शीर्षकलेखाचे नायक डॉ. पी. हे संगीतशिक्षक. विद्यार्थी समोर असे, पण तो बोलेपर्यंत त्यांना ओळखू येत नसे. छायाचित्रातले आइन्स्टाइन त्यांनी केस आणि मिशांवरून ओळखले, सख्खा भाऊ चौकोनी जबडा आणि मोठ्या दातांवरून.

हा लेख मी अनेकदा वाचला आहे. त्यातला एक निष्कर्ष मात्र मला आता पटत नाही. सॅक्स यांच्या मते डॉ. पी. चेहऱ्याकडे कोडे सोडवल्यासारखे पाहत. समोर कुणी ‘आपले’ आहे, ही जाणीवच त्यांना होत नसे. इथे नजरेतली उणीव नकळत आपलेपणातली उणीव ठरते.

या निष्कर्षाविरुद्धचे साक्षीदार खुद्द सॅक्सच आहेत. ‘द माइंड्स आय’ (२०१०) या पुस्तकात ते सांगतात, की आपल्यालाही आयुष्यभर चेहरे ओळखता आलेले नाहीत. वाटेत आडव्या आलेल्या दाढीवाल्या गृहस्थाची माफी मागावी, तर ते आरशातले आपलेच प्रतिबिंब निघावे! पण म्हणून त्यांना माणसांविषयी जिव्हाळा नव्हता, असे त्यांचा कोणता वाचक म्हणेल?

या तुलनेला मर्यादा आहेत. डॉ. पीं.ना हातमोजाही ओळखता आला नव्हता; त्यांचा विकार नंतर जडलेला आणि अधिक व्यापक होता. सॅक्स यांची उणीव लहानपणापासूनची. तरीही डॉ. पी. माणसांना आवाजावरून, हालचालींवरून ओळखत, ही नोंद १९८५च्या लेखातच आहे. निष्कर्ष काढताना तिला पुरेसे वजन मिळाले नाही.

मराठीत वरवरच्या परिचयाला आपण ‘तोंडओळख’ म्हणतो. म्हणजे चेहरा ठाऊक असणे ही परिचयाची पहिलीच पायरी. पण त्याच भाषेत ‘ओळख दाखवली नाही’ ही मोठी तक्रार असते. माझा एक मावसभाऊ लग्नाच्या मांडवात अगदी समोरून निघून जाई. आम्ही त्याला शिष्ट ठरवले. फोनवर मात्र माझ्या पहिल्या ‘हॅलो’लाच तो मला नावाने हाक मारी. या दोन गोष्टी मला कितीतरी वर्षे ठाऊक होत्या. त्या एकमेकींशी जोडून पाहण्याचे मला सुचले, ते सॅक्स यांची ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तेव्हा.