हिरवी पेन्सिल आणि गवत

गवताचे जितके नुकसान हिरव्या पेन्सिलीने केले आहे, तितके गुराढोरांनीही केले नसेल. कोणत्याही घरातली चित्रकलेची वही उघडून पाहावी. दोन डोंगर, त्यांच्या खाचेतून वर आलेला सूर्य, वळणे घेत खाली येणारी नदी, एक झोपडी, एक नारळाचे झाड, आणि खालचा कागद रिकामा राहिला म्हणून घासून भरलेली हिरवळ. फार तर तिच्यावर मधूनमधून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दोन-दोन, तीन-तीन फटकारे. याला आपण निसर्गचित्र म्हणतो आणि दहापैकी सात गुण देतो. मीही शाळामास्तर असल्यामुळे अशा वह्या ढिगाने पाहिल्या आहेत. कोकणातले मूल असो की माणदेशातले, चित्रातले गवत तेच! माणदेशातल्या मुलाने आपल्या दाराबाहेरचा माळ वर्षातले आठ महिने पिवळा पाहिलेला असतो, तरी पेन्सिल उचलताना त्याचा हात हिरव्याकडेच जातो.

दोष मुलाचा नाही. ते गवत काढीतच नसते. ‘गवत’ हा शब्द काढीत असते. आणि हा शब्द त्याला आपणच शिकवलेला असतो. गवताला गालिचा म्हणण्याची खोड कवींनी लावली आणि ती आम्ही कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी निमूटपणे उचलली. ‘सभोवार हिरवेगार गवत पसरले होते’ असे एक वाक्य टाकले की आमचे प्रकरण पुढे सरकायला मोकळे होते. पण गालिचा आडवा पडलेला असतो. गवत उभे असते. गालिच्याला एक विणकर असतो. गवतात शेकडो झाडे एकमेकांना रेटून उजेडाकडे जाण्यासाठी धडपडत असतात. ज्याला गवत आडवे दिसते त्याने ते पाहिले नाही एवढे खुशाल समजावे.

आता रंगाचे पाहा. ज्येष्ठाच्या पहिल्या सरींनंतर जमिनीतून वर येणारा कोंभ पोपटी असतो. श्रावणात तोच घनदाट होऊन गडद होतो. भाद्रपदात तुरे येतात आणि हिरव्यावर तांबूस-जांभळी झाक चढते. आश्विन सरता सरता कुसळीचे माळ तांबूस होऊ लागतात, आणि दिवाळीचे दिवे लागतात त्या सुमाराला देशावरच्या डोंगरउतारांवर सोन्यापेक्षा जुन्या पितळेच्या जवळचा असा एक रंग पसरतो. हे झाले महिन्यांचे. एकाच सकाळी, एकाच पात्याचे पाहिले तरी हीच कथा. ऊन पात्याच्या मागून आले तर ते पाते आरपार उजळून पिवळसर हिरवे दिसते. ऊन वरून पडले तर त्याच पात्याच्या तुळतुळीत पाठीवर आकाश उमटते आणि पाते निळसर करडे होते. बुंध्याशी, जिथे उजेड पोचत नाही तिथे, हिरवा रंग जवळजवळ नसतोच. तिथे तपकिरी असतो, गर्द निळा असतो, कुजलेल्या पात्यांचा काळपट जांभळा असतो. बारा पेन्सिलींच्या पेटीत एखाददुसरी हिरवी असते. गवताला ती शेवटी लागते आणि थोडीच लागते. तिच्याआधी पिवळी, निळी, तपकिरी आणि (ऐकून नवल वाटेल) तांबडी हातात घ्यावी लागते. हिरव्याचा भडकपणा मोडायला तांबड्यासारखा दुसरा उपाय नाही. हिरव्याखाली तांबड्याचा अगदी विरळ थर दिला की तो जमिनीवर येतो.

रंगीत पेन्सिल म्हणजे पोराटोरांचे साधन, खरा चित्रकार ब्रश घेतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती का झाली हे समजण्यासारखे आहे. शाळेच्या दप्तरातून जे येते त्याला मान मिळत नाही. पण या साधनाचा स्वभाव पाहण्याजोगा आहे. साध्या शिसपेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि माती यांची भट्टीत भाजलेली कांडी. रंगीत पेन्सिलीची कांडी तशी भाजता येत नाही, कारण भट्टीच्या आचेने रंगच मरतील. म्हणून रंगाची पूड मेणात किंवा तेलात बांधतात. या मेणामुळे तिचे सगळे गुण आणि सगळे हट्ट ठरतात. रंग ओला नसल्यामुळे एकात एक कालवता येत नाही. एकावर एक रेघा देऊन तो डोळ्यात मिसळू द्यावा लागतो. हात जड पडला तर कागदाचे दाणे मेणाने भरून जातात, वर चकाकी येते, आणि मग त्यावर पुढचा रंग बसायला नकार देतो. आणि सर्वांत मोठा हट्ट असा की गडदावर फिकट चढत नाही. काळ्या-हिरव्यावर पांढरी पेन्सिल कितीही दाबली तरी राखेचा डाग पडावा तशी दिसते.

चित्रकारांच्या कामासाठी म्हणून नाव मिळालेल्या ‘पॉलिक्रोमॉस’ या रंगीत पेन्सिली फाबेर-कास्टेल या जर्मन कारखान्याने १९०८ साली बाजारात आणल्या. हा कारखाना श्टाइन गावचा, न्युरेम्बर्ग शहराला लागून. आणि गवताचे जगातले सर्वांत प्रसिद्ध चित्र ज्याने काढले तो आल्ब्रेश्ट ड्यूरर न्युरेम्बर्गचाच. हा केवळ योगायोग आहे हे मी जाणतो, पण मला तो आवडतो.

ड्यूररने ते चित्र १५०३ साली काढले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आगेमागे. आदल्याच वर्षी त्याने आपला प्रसिद्ध ससा काढला होता. या गवताच्या चित्राला ‘गवताचा मोठा तुकडा’ असे नाव रूढ आहे. मोठा म्हणायचे, पण कागद सुमारे ४० सेंटिमीटर उंच आणि ३१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेपेक्षाही लहान. ते व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयात आहे आणि उजेडाने रंग उडू नयेत म्हणून क्वचितच बाहेर काढतात. मी ते छापील प्रतींतूनच पाहिले आहे. माझ्यासारख्या बहुतेकांना तोच मार्ग.

चित्रात काय आहे? काही नाही. चिखलाचा एक पट्टा, त्यातून वर आलेले गवत आणि तण. फुललेले एकही फूल नाही. डॅन्डिलियनची आहेत ती मिटलेली. रुंद पानांचे प्लॅन्टेन आहे, बारीक कातरलेल्या पानांचे यारो आहे, आणि दोन-तीन जातींचे गवत आपल्या तुऱ्यांसह. मागे आकाश नाही, डोंगर नाही, झोपडी तर नाहीच, कोरा कागद. वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्यांना या झाडांच्या जाती ओळखता येतात. पण चित्राचा मोठेपणा तेवढ्यात असता तर ते वनौषधीच्या पोथीत शोभले असते. पोथीतले झाड उपटून, झटकून, एकटे दाखवलेले असते. ड्यूररची झाडे शेजारधर्माने उभी आहेत. एका पात्याने दुसऱ्याला झाकले आहे, तिसरे वाकून चौथ्याच्या आडून निघाले आहे. खाली चिखलात मुळांचे धागेसुद्धा दिसतात.

आणि त्याची नजर कुठे आहे पाहा! आपण गवताकडे उभ्याने पाहतो, वरून, म्हणून ते आपल्याला गालिचा वाटते. ड्यूररने नजर गवताच्या बुंध्याशी नेली आहे. बेडकाला किंवा रांगत्या मुलाला जसे दिसेल तसे ते गवत आपल्यासमोर उभे राहते आणि तुरे आपल्या डोक्यावर जातात. माझ्या मते त्या चित्राचा अर्धा विजय रंग कालवण्यापूर्वीच झाला होता, चित्रकार खाली बसला तेव्हा. (त्याने तुकडा खणून घरात आणला असाही एक तर्क आहे. तसे असले तरी टेबलावर ठेवून त्याने नजर खालीच ठेवली.)

ड्यूररपाशी मात्र एक सोय होती, जी पेन्सिलवाल्यापाशी नाही. त्याचे काम जलरंगात होते आणि जोडीला अपारदर्शक रंग होता. गडदावर उजळ पाते नंतर ओढता येत होते. पेन्सिलीत ते जमत नाही, म्हणून इथे कामाची दिशाच उलटते. पाते काढायचे नसते. पात्यांमधला अंधार काढायचा असतो. दोन पात्यांच्या मधली ती चिंचोळी, खाली रुंद आणि वर टोकदार होत जाणारी पोकळी गडद रंगाने भरीत गेले की कागदाच्या पांढऱ्यातून पाते आपोआप उभे राहते. मग त्यावर पिवळा, त्यावर किंचित निळा. ज्यांना फार बारीक उजळ रेघ हवी असेल त्यांनी शाई संपलेल्या बॉलपेनने कोऱ्या कागदावर आधी चर पाडावेत आणि वरून पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने गडद रंग फिरवावा. रंग चराच्या तळाशी पोचत नाही आणि अंधारात एक पांढरे पाते चमकून उठते. दिवाळीच्या सुटीत घरातल्या मुलांना ही गंमत जरूर दाखवावी. फटाक्यापेक्षा स्वस्त आहे आणि तिचा आवाज होत नाही.

पण गमतीच्या नादी लागले की ती अंगाशी येते, आणि इथेच मला अलीकडच्या वास्तवचित्रांविषयी थोडे कडू बोलायचे आहे. आजकाल मोबाइलवर घेतलेल्या छायाचित्रावरून, दीडशे रंगांची पेटी घेऊन, पाते न् पाते उतरवणारी मंडळी पुष्कळ झाली आहेत. त्यांच्या चित्राखाली किती तास लागले ते लिहिलेले असते आणि पाहणारेही तासच मोजतात. कष्टांना माझा नमस्कार. पण त्या चित्रात पायाजवळचे पाते आणि दोनशे पावलांवरचे पाते सारख्याच धारेने कापलेले असते. कॅमेऱ्याला सगळीकडे एकाच वेळी पाहता येते. माणसाला येत नाही. आपण माळावर उभे राहतो तेव्हा पायाशी पाती दिसतात, वीस पावलांवर पाती संपून झुबके सुरू होतात, त्या झुबक्यांना वारा नेतो तो कल दिसतो, आणि त्यापलीकडे नुसता रंग उरतो. तो रंगही डोंगराकडे जाता जाता निळा होत विरतो. दूरच्या उतारावर ज्याने उभी पाती काढली त्याने वास्तव काढले नाही. त्याने आपली चिकाटी काढली. तिथे आडवे, मऊ, बोथट टोकाचे चार थर पुरतात. एका चित्रात हात तीनदा बदलावा लागतो, आणि कुठे थांबायचे ते कळणे हे पात्याला टोक देण्यापेक्षा अवघड आहे.

मग इतके सगळे गवत तपशिलाने काढलेले चित्र वाईटच का? तसे नव्हे. अमेरिकेच्या अँड्र्यू वायेथचे १९४८ सालचे ‘क्रिस्तिनाचे जग’ हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. मेन प्रांतातला एक उंचवटा. वर क्षितिजाशी करडे, उदास घर. खाली गवतात आपल्याकडे पाठ करून बसलेली, फिक्या गुलाबी झग्यातली एक बाई. चित्राचा बहुतेक भाग नुसता सुकलेल्या गवताचा आहे. हे काम अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगाचे. तो रंग लागताच सुकतो, एकात एक मिसळू देत नाही, म्हणून बारीक रेघेवर बारीक रेघ देत जावे लागते. थोडक्यात, आपल्या रंगीत पेन्सिलीचा तो सख्खा भाऊ. त्यामुळे पेन्सिलवाल्याने शिकायला याच्याइतके जवळचे चित्र नाही. तपकिरीखाली गेरू, गेरूखाली करडा, मधेच एखादी हिरवट रेघ, कुठे कागदासारखी फिकी.

क्रिस्तिना ओल्सन ही वायेथची शेजारीण. तिच्या पायांत बळ नव्हते आणि चाकांची खुर्ची तिला नको होती. ती घराभोवती, शेतात, हातांवर सरपटत जाई. हे कळल्यावर त्या गवताकडे पुन्हा पाहावे. आपण जिथे चार ढांगांत पोचू तिथे तिला एकेक पाते ओलांडायचे आहे. घराजवळचे गवत कापलेले आहे, तिच्या भोवतीचे वाढलेले आहे, आणि त्या दोहोंमधली सीमारेषा चित्रात स्पष्ट दिसते. ड्यूररने हौसेने जी नजर खाली नेली, ती नजर या बाईच्या वाट्यालाच आली होती. म्हणून वायेथची ती हजारो पाती मला फुकटची वाटत नाहीत. तिथे तपशील म्हणजे अंतर आहे. तासांची बेरीज करून चित्र काढणाऱ्यांपाशी पाती तेवढीच असतात, पण ती ओलांडणारे कुणी नसते.

त्या चित्रातला रंग पाहायला मेनपर्यंत जाण्याचे कारण नाही. तो सध्या आपल्या माळांवर आला आहे. बाराची पेटी, जरा खरबरीत कागद आणि बसायला पोते एवढ्यावर काम भागते. हिरवी पेन्सिल घरी राहिली तरी चालेल. मात्र कुसळे धोतरा-लुगड्यांना धरतात, हल्लीच्या पँटींनाही धरतात, तेवढी काळजी घ्यावी. आणि फार दिवस लावू नयेत. दिवाळी सरली की विळे निघतात, गवताच्या गंज्या रचल्या जातात आणि माळावर नुसता बुडखा उरतो.